यादी कोणाकडे ठेवायची

मागच्या रविवारी मी आमच्या गटाचं सचिवपद सोडलं. दोन वर्षं पूर्ण झाली होती आणि दोन वर्षांच्या वर कोणी बसायचं नाही असा आमचाच नियम आहे, त्यामुळे सोडायचं होतंच. पण मागच्या महिन्यात शहाद्याच्या एका पोराने आणि मलकापूरकडच्या एका मुलीने वेगवेगळं विचारलं की दादा आम्हाला पण असा गट काढायचाय, सुरुवात कशी करायची, तर दोघांना फोनवर तुकड्यातुकड्यात काहीतरी सांगितलं आणि फोन ठेवल्यावर दोन्ही वेळा वाटलं की खरं महत्त्वाचं राहूनच गेलं. म्हणून लिहायला बसलोय. बाहेर चव्वेचाळीस अंश आहे, कूलरमध्ये पाणी भरून झालंय, दुपार मोकळी आहे.

आधी गट काय आहे ते. आम्ही एकाच विद्यापीठाच्या वेगवेगळ्या कॉलेजांतली पोरं-पोरी, जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांतली. काही जण गे, काही लेस्बियन, काही ट्रान्स, काही आपल्याला अजून नाव न सापडलेले, आणि काही यातलं काहीच नसलेले पण सोबत उभे राहणारे. काम एकच ठरवलंय, शाळा. म्हणजे आमच्यासारखं पोरगं किंवा पोरगी शाळेत असेल तर तिला तिथे रोज जाता यावं, दहावी पूर्ण करता यावी, इतकंच. गटाचं नाव इथे लिहीत नाही, माझं कॉलेजही लिहीत नाही, का ते पुढे कळेलच.

शाळाच का, तर आम्ही पहिल्यांदा पाच जण मेहरूण तलावाच्या काठावर बसलो होतो, २०२१ ची दिवाळी नुकतीच झालेली, लॉकडाऊननंतर कॉलेजं उघडून महिनाभर पण झाला नव्हता, आणि बोलता बोलता लक्षात आलं की पाचही जणांचं सगळ्यात वाईट जे काही झालंय ते आठवी ते दहावीच्या मधलं आहे. माझं सांगतो. आठवीत पीटीच्या तासाला सरांनी मुलांची एक रांग आणि मुलींची एक रांग करायला सांगितली आणि मी मुलांच्या रांगेत उभा राहिलो तर म्हणाले, तू तिकडे जा. अख्खं मैदान हसलं. त्यानंतर दोन वर्षं माझं नाव 'बायल्या' होतं, हजेरी घेतानासुद्धा मागून तेच यायचं, आणि मास्तर लोक ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ३७७ चा, म्हणजे समलैंगिक संबंध हा गुन्हा नाही असा, निकाल दिला तेव्हा मी अकरावीत होतो, संध्याकाळी टीव्हीवर ते सगळे रंगीत झेंडे दाखवत होते आणि आमच्या आप्पांनी काही न बोलता चॅनल बदललं. मला त्या निकालाचा आनंद कितीतरी उशिरा झाला. त्या वेळी एकच प्रश्न डोक्यात होता की कोर्टाने सांगितलेलं आमच्या शाळेपर्यंत पोचायला किती वर्षं लागतील.

तर सुरुवात अशी भावनेच्या भरात झाली आणि नियम एकही नव्हता. आपण सगळे एकमेकांचे, नियम कशाला, असं वाटायचं. तिथेच चुकलं, आणि चूक माझी होती, म्हणून ती आधी सांगतो.

मी एक गुगल फॉर्म केला. नाव, मोबाईल, कॉलेज, गाव, आणि शेवटी 'तुमची ओळख' असा एक रकाना. चाळीसएक लोकांनी भरला, आम्हाला केवढा हुरूप आला, खानदेशात एवढे आहेत! फॉर्मची जी शीट तयार होते तिची लिंक मी आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली, ज्याच्याकडे लिंक त्याला दिसेल अशी. दोन महिन्यांनी आमच्यातल्याच एकाने त्याच्या मित्राला स्क्रीनशॉट पाठवला, वाईट हेतूने नाही, बघ आपल्या तालुक्यातले पण आहेत, असं सांगायला. तो मित्र पुढे अजून कोणाला. आणि चौथ्या दिवशी पारोळ्याकडच्या एका एसवायच्या पोराच्या खोलीवर त्याचे वडील आणि काका आले, सामान बांधलं आणि त्याला घेऊन गेले. फोन काढून घेतला. परीक्षा बुडाली. जायच्या आधी त्याने खोलीतल्या पार्टनरच्या फोनवरून मला कॉल केला होता, ओरडला नाही, चिडला पण नाही, फक्त एवढंच बोलला, "यादीमा मनं नाव आनं गाव का बरं लिखं भो?"

यादीत माझं नाव आणि गाव का लिहिलं. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण गरज काहीच नव्हती, फॉर्ममध्ये गाव विचारतात म्हणून मी विचारलं होतं.

इथे एक गोष्ट मुंबई-पुण्याच्या लोकांना कळत नाही म्हणून लिहितो. त्यांच्या गटांकडून आम्ही खूप शिकलोय. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून आहे, पुण्यात बिंदुमाधव खिरेंनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट काढली, आयआयटी मुंबईत 'साथी' हा विद्यार्थ्यांचा गट २०११ पासून चालतो, या लोकांनी वाट केली नसती तर आम्ही तलावावर बसलोच नसतो. पण तिथे गर्दीत माणूस हरवू शकतो. आपल्याकडे आडनाव आणि गाव सांगितलं की पुढचं समोरचाच सांगतो, अरे तू अमक्या नानांचा पुतण्या का, तुझी आत्या आमच्या भुसावळच्या साडूकडे दिलीय ना. नुसतं नाव बाहेर गेलं तरी माणसाची जात, भाऊबंदकी, घर, शेत, सगळं बाहेर जातं. कंडक्टर ओळखतो, पतपेढीतला ओळखतो. म्हणून तिकडच्या गटाचे नियम इकडे जसेच्या तसे चालत नाहीत. आम्हाला आमचे करावे लागले.

शीट त्याच रात्री डिलीट केली, ग्रुप बंद केला, आणि मग दीड महिना कोणी कोणाशी बोललं नाही. परत भेटलो तेव्हा नऊच जण आले. त्या दिवशी पहिला नियम झाला आणि आजपर्यंत तोच पहिला आहे, की सगळ्यांची यादी कुठेच असणार नाही. ना कागदावर, ना फोनवर, ना कोणा एकाच्या डोक्यात. आम्ही तीन पट्टे केले, जळगाव-भुसावळ, अमळनेर-चोपडा आणि धुळे-शिरपूर. प्रत्येक पट्ट्यात एक जण जोडणारा, त्याला फक्त त्याच्या पट्ट्यातली माणसं माहीत. सचिवाला हे तीन जोडणारे माहीत, बस. मी दोन वर्षं सचिव होतो आणि शिरपूरकडे आमचे किती लोक आहेत त्याचा आकडा मला माहीत होता, नावं नव्हती. सुरुवातीला हे फार विचित्र वाटतं, आपलीच माणसं आणि आपल्यालाच माहीत नाहीत, पण समजा उद्या माझा फोन कोणी हिसकावला तर त्यात सापडणार काय, हा प्रश्न विचारला की उत्तर मिळतं. मीटिंगच्या वहीत ठराव लिहायचा, कोण काय बोललं ते लिहायचं नाही. फोटो नाही. ग्रुपवरचे मेसेज सात दिवसांनी आपोआप जातील असं सेटिंग, आणि ग्रुपचं नाव अभ्यासाचं.

दुसरा मोठा वाद झाला तो नोंदणीवरून. आमच्यातला एक जण एमएसडब्ल्यू करत होता, त्याचं म्हणणं की संस्था रजिस्टर करू, पावती पुस्तक येईल, बँकेत खातं उघडेल, शाळेत गेलं की लेटरहेड दाखवता येईल. मुद्दा खोटा नव्हता. पण संस्था नोंदणी अधिनियम १८६० प्रमाणे कमीत कमी सात माणसं लागतात, त्यांची नावं, पत्ते, व्यवसाय, सह्या लागतात, शिवाय महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास कायदा १९५० खाली धर्मादाय कार्यालयात पण नोंद होते, आणि ते सगळं सरकारी रेकॉर्ड. म्हणजे आपण नुकतीच जी यादी डिलीट केली तीच आता स्टॅम्प मारून सरकारला द्यायची. सात सह्या कोण करणार असं विचारलं तर आमच्यातले तिघंच हात वर करू शकले. मग सोबतचे जे मित्र होते, जे स्वतः यातले नाहीत, ते म्हणाले चार सह्या आम्ही करतो. मनापासून म्हणाले. पण एक मुलगी, जी एरवी मीटिंगमध्ये क्वचितच बोलते, ती म्हणाली, मग कागदावर गट तुमचा होईल आणि आम्ही तुमच्या गटातले पाहुणे. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. नोंदणी केली नाही.

त्यामुळे पैसे मोठे कधी आलेच नाहीत. महिन्याला प्रत्येकी वीस रुपये, ज्याला जमेल त्याने. वहीत हिशेब, आणि दर मीटिंगला तो मोठ्याने वाचायचा, अकरा रुपयांची झेरॉक्स असली तरी. बाकी जास्त सांगण्यासारखं नाही, एवढंच की २०२३ च्या मार्चपासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं आणि लांबच्या शाळेत जायचं तर दोन मुली आणि एक मुलगा असं पाठवायला लागलो, त्यातून एक चांगलं झालं, मुली पुढे आल्या. त्याआधी गट म्हणजे सगळा पोरांचाच कारभार होता. आम्ही मीटिंग संध्याकाळी सहाला ठेवायचो आणि लेडीज होस्टेलचं गेट सातला बंद होतं हे दीड वर्षात एकाच्याही डोक्यात आलं नाही. मीटिंग रविवारी सकाळी दहाला नेली तर पुढच्याच महिन्यात सहा मुली आल्या.

मग मतदान. हे मी जरा सावकाश सांगतो कारण ज्या कोणाला गट काढायचाय त्याचं इथेच अडतं. आमच्या पिढीने कॉलेजात निवडणूक म्हणून कधी पाहिलीच नाही, त्यामुळे मत देणं, ठराव मांडणं, विरोध नोंदवणं यातलं कोणाला काहीच येत नव्हतं, जो मोठ्याने बोलेल त्याचं चालायचं. प्रश्न असा होता की सोबतींना मत असावं का. एका बाजूने बघितलं तर त्यांच्याशिवाय शाळेचं दार उघडत नाही, मुख्याध्यापकांसमोर बेधडक बसू शकतात ते हेच लोक. दुसऱ्या बाजूने, काही बिनसलं तर ते आपापल्या घरी जाऊन जेवू शकतात, आमच्या काही जणांना घरच राहत नाही. कोणीतरी सुचवलं की पाच जणांच्या समितीत तीन तरी आमच्यातलेच पाहिजेत असा नियम करा. छान वाटला सगळ्यांना. पण मग तपासणार कसं? कोण यातला आणि कोण त्यातला हे सांगायला लावलं तर आपणच प्रत्येकाला उघडं करतोय, आणि ज्याचं स्वतःचंच अजून ठरायचंय त्याने कुठल्या बाजूला बसायचं? रांगा करायचं काम आमच्या पीटीच्या सरांनी केलं होतं, तेच आम्ही परत करायचं का. तीन महिने यावर भांडलो. दोन जण सोडून गेले.

शेवटी जे ठरलं ते मला अजूनही पटतं. कोणाला काही विचारायचं नाही, मत सगळ्यांना एक. पण ज्या निर्णयाने कोणा एकाला धोका होऊ शकतो त्यात त्या माणसाचा एक नकार पुरेसा, मग बाकी वीस जण एका बाजूला असले तरी ते होणार नाही, आणि नकाराचं कारण सांगायची सक्ती नाही, तो जोडणाऱ्यामार्फत चिठ्ठीने आला तरी चालतो. भीती होती की मग कुठलंच काम पुढे जाणार नाही. तसं झालं नाही. माझ्या दोन वर्षांत असा नकार तीनदा आला. एकदा तर एका शाळेने स्वतःहून बोलावलं होतं, मोठी शाळा, आम्ही खूप खूश, आणि नकार आला. मला राग आला होता, खरं सांगतो. पण गेलो नाही. त्या शाळेत कोणाचा तरी बाप शिक्षक असेल, किंवा धाकटी बहीण शिकत असेल, मला माहीत नाही आणि माहीत असायची गरजही नाही.

भुसावळच्या एक ताई आहेत, किन्नर समाजातल्या, पन्नाशीच्या आसपास. त्यांना आम्ही एका मीटिंगला बोलावलं होतं, मार्गदर्शन करा म्हणून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही शाळेत जातात ते चांगलंच आहे बेटा, पण मी सातवीत शाळा सोडली, माझ्यासारखीला तुमच्या गटात जागा कुठे?" आमच्या नियमात लिहिलेलं होतं की सदस्य विद्यापीठाचा विद्यार्थी पाहिजे. ज्यांना शाळेने बाहेर काढलं त्यांना आम्ही पण त्याच कारणाने बाहेर ठेवत होतो. त्याच दिवशी नियम बदलला, शाळा सुटलेल्यांनाही सदस्यत्व आणि पूर्ण मत. आज कुठलाही ठराव त्यांना समजेल अशा भाषेत नसला तर त्या थांबवतात आणि परत सांगायला लावतात, त्यामुळे आमची भाषा खूप सुधारली.

भाषेवरून आठवलं. शिक्षकांना द्यायला आम्ही चार पानांचं एक पत्रक केलं होतं, इंटरनेटवरून घेतलेलं, 'लैंगिक अभिमुखता', 'लिंगभाव ओळख' असं. एकीने ते आईला वाचून दाखवलं, आई शेतात जाणारी, लेवा बोली बोलणारी, पण चौथीपर्यंत शिकलेली. आईला दुसऱ्या ओळीपासून काही कळेना. मग तिने स्वतःच विचारलं, म्हणजे कोनाकडे मन ओढतं ते का? आम्ही तेच लिहिलं. कोणाकडे मन ओढतं, आणि आपण स्वतःला आतून बाई समजतो की बुवा की दोन्हीतलं काही नाही. आता पत्रक दीड पानाचं आहे.

शाळेत आम्ही पोरांना भेटत नाही, फक्त शिक्षकांना भेटतो. हे पण शिकत शिकत ठरलं. पहिल्यांदा एका मुख्याध्यापकांकडे गेलो तेव्हा आम्ही एनसीईआरटीच्या २०२१ च्या त्या शिक्षक-मार्गदर्शिकेचा उल्लेख केला, ट्रान्सजेंडर मुलांना शाळेत कसं सामावून घ्यायचं यावरची, आणि सर म्हणाले, ती तर त्यांनीच वेबसाईटवरून काढून टाकली, मग तुम्ही कोण? खरंच होतं, आक्षेप आल्यावर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती काढली गेली होती. आम्ही गप्प बसलो. त्यानंतर कायदा नीट वाचला. ट्रान्सजेंडर व्यक्ती कायदा २०१९, कलम १३, सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने भेदभाव न करता शिकवायचं. यूजीसीच्या रॅगिंगविरोधी नियमात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली, त्यात लैंगिक कल आणि ट्रान्सजेंडर असणं यावरून छळ केला तर ते रॅगिंग, असं स्पष्ट आहे, पण ते कॉलेजांना लागू, शाळांना नाही. शाळेसाठी कामाला येतं ते आरटीईचं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं, कलम १७, मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देता येत नाही, ते सगळ्याच मुलांसाठी आहे पण आठवीपर्यंतच. म्हणजे नववीतल्या गे मुलाचं नाव घेऊन काही लिहिलेलं आम्हाला सापडलं नाही. तिथे मग मुलांच्या सुरक्षेसाठी असलेली शाळेची सखी सावित्री समिती आणि तक्रारपेटी, ती समिती २०२२ च्या शासन निर्णयाने प्रत्येक शाळेत असायला पाहिजे. पेटी असते भिंतीवर. किल्ली कोणाकडे आहे ते आम्ही विचारतो.

पण खरं सांगू का, कायदा दाखवून कुठलाच मास्तर बदलत नाही, तो फक्त सावध होतो. आमच्याकडे बोलायला सगळ्यात चांगली गोष्ट आहे ती भादली बुद्रुकची. जळगाव तालुक्यातलंच गाव, तिथल्या अंजली पाटील ट्रान्सजेंडर, त्यांचा ग्रामपंचायतीचा अर्ज महिला राखीव जागेवर म्हणून फेटाळला गेला होता, त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, कोर्टाने उभं राहायची परवानगी दिली आणि जानेवारी २०२१ मध्ये त्या निवडून आल्या. हे सांगितलं की स्टाफरूममध्ये दोन-तीन जण तरी म्हणतात, हो हो, पेपरात वाचलं होतं. मग आम्ही म्हणतो, सर, गावाने मत दिलं, वर्गाला काय अडचण आहे. तिथून बोलणं माणसांवर येतं. यावल तालुक्यातले एक पीटीचेच शिक्षक, आमचं सगळं झाल्यावर बाहेर चहाच्या टपरीवर आले आणि म्हणाले, "मन्ही शाळामा असा एक पोऱ्या शे. मी बी हासी लेतो कधी कधी." मी पण हसून घेतो कधी कधी. मग ते बराच वेळ बोलले, तो पोरगा दिवसभर पाणी पीत नाही हे त्यांच्या लक्षात आलेलं.

हे पाण्याचं आम्हाला जवळजवळ प्रत्येक शाळेत सापडलं. मुलांच्या मुतारीत त्रास देतात, चड्डी ओढतात, म्हणून ही पोरं सकाळपासून पाणीच पीत नाहीत. आपल्याकडच्या मार्च-एप्रिलमध्ये! एकजण तर चक्कर येऊन पडला होता आणि सगळ्यांना वाटलं ऊन लागलं. म्हणून आम्ही शाळेकडे आता तीनच गोष्टी मागतो. बायल्या, छक्का हे शब्द शिवी म्हणून धरा, आईबहिणीवरच्या शिवीला जे करता ते याला करा. शिक्षकांनी स्वतः हसायचं नाही. आणि स्टाफच्या संडासची चावी एका शिक्षकाकडे ठेवा, ज्या पोराला पाहिजे त्याने कारण न सांगता मागायची. चावीला खर्च नाही, परिपत्रक लागत नाही, आणि कोणाला काही जाहीर करावं लागत नाही. यावलच्या त्या सरांनी दुसऱ्याच दिवशी चावी स्वतःच्या खिशात ठेवली.

आता सगळ्यात अवघड. नववीतल्या एका पोराने कुठून तरी आमच्या एका मुलीचा नंबर मिळवला आणि रात्री अकराला मेसेज केला, ताई कोणाला सांगणार नाही ना, मग सांगतो. तिने सहज लिहिलं, नाही रे, कोणालाच नाही. नशिबाने त्याला फक्त एवढंच सांगायचं होतं की त्याला वर्गातला एक मुलगा आवडतो. पण दुसऱ्या दिवशी ती घाबरून माझ्याकडे आली, त्याने दुसरं काही सांगितलं असतं तर? पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा कायदा, कलम १९, अठराच्या खालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं कलम २१ खाली गुन्हा. म्हणजे 'कोणालाच सांगणार नाही' हे वचन आपण मुलाला देऊच शकत नाही, आणि देऊन मोडलं तर त्याचा शेवटचा भरवसा पण जातो.

म्हणून नियम. अठराच्या खालचा सदस्य होत नाही. अठराच्या खालच्याशी कोणी एकट्याने चॅट करायचं नाही, एकट्याने भेटायचं नाही, कायम दोघं. आणि मुलाने काही सांगायच्या आधी आपण सांगायचं, की तू कोण आहेस, तुला कोण आवडतं, हे माझ्याजवळच राहील, घरी नाही, शाळेत नाही, पण तुझ्याशी कोणी जबरदस्ती केली असेल किंवा कोणी हात लावला असेल तर ते मला सांगावंच लागेल, आणि तेव्हा मी तुझ्या सोबत येईन. मग मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ आणि मानसिक आधार देणाऱ्या टेलिमानसचा १४४१६ हे दोन नंबर द्यायचे. आमच्यात काही जण यावर नाराज होते, असं आधीच सांगितलं तर पोरगं तोंड उघडणार नाही. काही पोरं नाहीच उघडत, गप्प होतात आणि आपल्याला रात्रभर झोप लागत नाही. तरी मी या नियमाच्या बाजूने शेवटपर्यंत होतो. आणि शिक्षकांना पण आम्ही हेच वेगळं करून सांगतो, की अत्याचार कळला तर कळवणं हे तुमचं काम आहे, पण पोरगं गे आहे हे कळलं म्हणून बापाला फोन करणं हे काम नाही, ते त्याला घराबाहेर काढणं आहे. २०२४ मध्ये बदलापूरचं झालं त्यानंतर शाळा बाहेरच्या कोणालाही आत घेईनात, ओळखपत्र मागायला लागल्या, आमची वर्षभराची भेटीगाठीची यादी कोलमडली. पण बरोबर आहे त्यांचं. आम्ही स्वतःहून आमचे नियम छापून मुख्याध्यापकांपुढे ठेवायला लागलो, त्यातलं 'एकट्याने भेटायचं नाही' वाचल्यावर दोन शाळांनी परत बोलावलं.

पारोळ्याकडच्या त्या पोराचं सांगायचं राहिलं. घरच्यांनी आधी भगताकडे नेलं, मग कोणाच्या तरी ओळखीने एका मानसोपचार डॉक्टरांकडे, आणि त्या डॉक्टरांनी वडिलांना समोर बसवून सांगितलं की हा आजार नाही, याला औषध नाही आणि मी देणार पण नाही. सगळे डॉक्टर असे नसतात. ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सगळ्या राज्यांच्या परिषदांना पत्र लिहून, असं 'बदलून टाकायचे' उपचार करणं म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन, असं कळवलं, त्या पत्राची एक झेरॉक्स आमच्या फाईलमध्ये कायम असते. त्याने पुढच्या वर्षी परत अॅडमिशन घेतलं. गटात तो आला नाही. मी माफी मागितली, तो म्हणाला ठीक शे, आणि विषय संपवला. ठीक नाही ते, मला माहीत आहे. एक वर्ष गेलं त्याचं.

दोन वर्षांचा नियम का, तर असे गट आपल्याकडे एका माणसावर चालतात आणि तो माणूस पुण्याला नोकरीला गेला की संपतात. म्हणून शेवटचे तीन महिने नव्या सचिवाने सोबत बसायचं, प्रत्येक शाळेत एकदा तरी सोबत जायचं. नवी सचिव शिरपूरकडची आहे, एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. रविवारी सकाळी जळगाव स्टँडवर भेटलो, तिच्याकडे वही दिली, गटाचं सिमकार्ड दिलं, एक हजार तीनशे चाळीस रुपये मोजून दिले, आणि अकरा शाळांची नावं असलेला कागद, प्रत्येक शाळेपुढे चावी कोणत्या शिक्षकाकडे आहे ते लिहिलेलं. तिने कागद वाचला आणि यावलच्या शाळेवर बोट ठेवलं. त्या पीटीच्या सरांची बदली झालीय, जूनपासून ते तिथे नसणार.

"मग चावी?" तिने विचारलं.

मला माहीत नव्हतं. शाळा सोळा जूनच्या आसपास उघडेल, त्याच आठवड्यात जाऊन विचारायचं असं ठरलं. सोबत कोण जाईल ते ती तिच्या पट्ट्यातून बघणार आहे, मला नाव सांगणार नाही.